तुमच्या कंट्रोलमध्येच इस्ट्रोजेन आहे

प्रश्न एका पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा आहे. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगापासून तयार झालेल्या इशिकावा पेशींना तिने ४८ तास १० नॅनोमोलर तीव्रतेचे इस्ट्राडायॉल, म्हणजे शरीरातले मुख्य इस्ट्रोजेन, दिले आणि एमटीटी ही पेशींची वाढ रंगावरून जोखणारी चाचणी केली. कंट्रोलपेक्षा, म्हणजे हार्मोन न दिलेल्या पेशींपेक्षा, वाढ काहीच दिसली नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या हीला पेशींत नाही, अंडाशयाच्या कर्करोगाच्या एसकेओव्ही-३ मध्येही नाही. प्रोजेस्टेरॉनने इशिकावाची वाढ मंदावायला हवी होती, तीही मंदावली नाही. मीडियम, म्हणजे पेशी वाढवण्याचे पोषक द्रावण, १० टक्के सिरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) घातलेले नेहमीचे लाल, हाय-ग्लुकोज डीएमईएम. गाइड म्हणतात, पेशी खराब झाल्या, नव्या मागवा. ती विचारते : हार्मोनमुळे स्त्रियांचे कर्करोग वाढतात हे मग खरे की नाही? आणि स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या मावशीने ती गोळी चालू ठेवावी का, कारण 'टॅमॉक्सिफेनने इशिकावा पेशी वाढतात' असे तिच्या वाचनात आले आहे.

पेशी मागवण्याची घाई करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'लाल' हा आहे. मीडियमचा तो लाल रंग फिनॉल रेडचा. आम्लता बदलली की रंग बदलतो आणि फ्लास्क हातात घेताच पेशींची तब्येत कळते, म्हणून तो सगळीकडे असतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या बर्थवा आणि कॅट्झेनेलेनबोगेन दांपत्याने दाखवून दिले, की हे फिनॉल रेड स्वतःच दुबळ्या इस्ट्रोजेनसारखे वागते. रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन पकडणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला, चिकटण्याची त्याची ताकद इस्ट्राडायॉलच्या जेमतेम एक लाखांश. ऐकायला नगण्य वाटते, पण मीडियममध्ये ते १५ ते ४५ मायक्रोमोलर असते. गुणाकार करून बघा : ३० मायक्रोमोलरचा लाखावा हिस्सा म्हणजे ०.३ नॅनोमोलर इस्ट्राडायॉलच्या तोडीचा परिणाम. डीएमईएममध्ये फिनॉल रेड लिटरला १५ मिलिग्रॅम, आरपीएमआय या दुसऱ्या मीडियममध्ये ५ मिलिग्रॅम. म्हणजे तुम्ही यातले जास्त रंगाचे मीडियम वापरता आहात. पुढे १९८८ मध्ये असे कळले, की खरा उपद्रव रंगाचा नसून रंगात राहून गेलेल्या एका अशुद्ध घटकाचा आहे. त्यामुळे प्रकरण अधिकच अवघड होते, कारण अशुद्धी प्रत्येक लॉटमध्ये वेगळी असते. आज मिळालेला निकाल पुढच्या बाटलीत मिळेलच असे नाही.

त्यावर १० टक्के सिरम. हे सिरम गर्भातल्या वासराच्या रक्ताचे असते, आणि त्या रक्तात आईचे आणि वारेचे स्टेरॉइड हार्मोन असतात : इस्ट्राडायॉल, इस्ट्रोन, प्रोजेस्टेरॉन, शिवाय अँड्रोस्टेनडायोन, ज्यापासून काही पेशी स्वतःच इस्ट्रोजेन बनवून घेतात. तुमच्या कंट्रोलच्या पेशी उपाशी नव्हत्याच. पोटभर जेवलेल्या माणसाला आणखी एक पोळी वाढून 'याची भूक हार्मोनला प्रतिसाद देत नाही' असा निष्कर्ष काढावा, तसे हे झाले आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे फिनॉल रेड नसलेले मीडियम आणि कोळशाने स्टेरॉइड काढून घेतलेले सिरम. प्रयोगशाळेत त्याला आपण 'स्ट्रिप्ड सिरम' म्हणतो : डेक्स्ट्रान लावलेल्या कोळशाची पूड सिरममध्ये ढवळायची, सेंट्रिफ्यूज करून काढून टाकायची, आणि हे दोनदा करायचे. एकदाच करून भागवू नका. एवढे मात्र लक्षात असू द्या, की कोळशाला फक्त इस्ट्रोजेन ओळखता येत नाही. थायरॉइड हार्मोन, कॉर्टिसोल, काही जीवनसत्त्वे हीही त्याच्याबरोबर जातात. म्हणून स्ट्रिप्ड सिरममध्ये पेशी हळू वाढल्या तर त्याचे सगळे श्रेय इस्ट्रोजेन गेल्याला देऊ नका. आणि बदललेल्या मीडियममध्ये पेशी तीन ते पाच दिवस राहू द्या. आदल्या संध्याकाळी मीडियम बदलून सकाळी हार्मोन दिले, तर आधीच्या जेवणाचा असर अजून चालूच असतो.

हे मी अनुभवाने सांगते आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या इशिकावा पेशींनी अचानक इस्ट्राडायॉलला दाद देणे बंद केले. आम्ही तीन महिने रिसेप्टर हरवला असे समजून चाललो. वेस्टर्न ब्लॉट (पेशीतले प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला तर इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फाचा पट्टा ठळक, नेहमीसारखा. रिसेप्टर समोर दिसतो आहे आणि पेशी ढिम्म. मग एका वरिष्ठ बाईंनी विचारले, "कंट्रोलमध्ये फुलवेस्ट्रंट टाकून बघितलंस का?" बघितले नव्हते. फुलवेस्ट्रंट हे इस्ट्रोजेन रिसेप्टर बंद पाडणारे औषध. ते टाकले, आणि इस्ट्रोजेन न दिलेल्या वेलमधली (प्लेटच्या खळग्यातली) वाढच खाली आली. म्हणजे ज्याला आम्ही शून्य समजत होतो ते शून्य नव्हते. सिरमचा नवा लॉट घाईत एकदाच स्ट्रिप झाला होता. तीन महिन्यांच्या प्लेट गेल्या, पण त्या दिवसापासून फुलवेस्ट्रंटचे वेल नसलेली हार्मोनची एकही प्लेट मी लावली नाही.

तुम्हीही पुढच्या प्लेटमध्ये हे करा. इस्ट्रोजेन न घालता फक्त १०० नॅनोमोलर फुलवेस्ट्रंट. ते इस्ट्रोजेन रिसेप्टरला बांधून त्याचा नाशच घडवते. त्याने कंट्रोल खाली आला, तर तुमच्या कंट्रोलमध्ये इस्ट्रोजेन आहे. कंट्रोल जागेवरच राहिला आणि इस्ट्राडायॉल दिलेले वेल वर गेले, तर तुमचा प्रयोग बोलायला लागला. आणि इस्ट्राडायॉल अधिक फुलवेस्ट्रंट या वेलमध्ये ती वाढ परत खाली यायला हवी. नाही आली, तर जे वाढते आहे ते या रिसेप्टरच्या वाटेने वाढत नाही.

प्लास्टिककडेही बघा. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्याकडे इस्ट्रोजेन नसलेल्या पेशी एकाएकी वाढू लागल्या. शोध घेता घेता दोष सापडला तो सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांत. त्या प्लास्टिकमधून इस्ट्रोजेनसारखे वागणारे नोनिलफिनॉल झिरपत होते. हे त्यांनी १९९१ मध्ये छापले. १९९३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाला पॉलिकार्बोनेटचे फ्लास्क ऑटोक्लेव्ह केल्यावर पाण्यात इस्ट्रोजेनसारखेच वागणारे बिस्फिनॉल-ए उतरलेले सापडले. तेव्हा स्ट्रिप्ड सिरम आणि हार्मोनचे स्टॉक काचेत ठेवा. स्टेरॉइड प्लास्टिकच्या भिंतीला चिकटूनही बसतात, त्यामुळे विरळ केलेले द्रावण आठवडाभर ठेवून वापरू नका.

आता डोस. इस्ट्राडायॉलचा रेणुभार २७२. म्हणजे १ नॅनोमोलर म्हणजे मिलिलिटरला २७२ पिकोग्रॅम. पाळीच्या मध्यावर, बीज सुटण्याआधी, बाईच्या रक्तात साधारण २०० ते ४०० पिकोग्रॅम असते. पाळी कायमची थांबल्यावर बहुधा २०-३० च्या खाली. तुमचे १० नॅनोमोलर म्हणजे २,७२० पिकोग्रॅम. नैसर्गिकरीत्या एवढे इस्ट्राडायॉल गरोदरपणाखेरीज सहसा दिसत नाही. शिवाय रक्तातले ९८ टक्के इस्ट्राडायॉल प्रथिनांना बांधलेले असते, आणि तुमच्या वेलमध्ये ते बहुतेक मोकळे फिरते. रिसेप्टर १ नॅनोमोलरलाच भरून जातो. म्हणून १० पिकोमोलर, १०० पिकोमोलर, १ नॅनोमोलर आणि १० नॅनोमोलर अशी पायरी लावा. एकाच डोसवर लिहिलेला निष्कर्ष मी तपासायला घेतला तर परत पाठवते. हार्मोन ज्यात विरघळवतात ते इथेनॉल सगळ्या वेलमध्ये सारखे आणि ०.१ टक्क्याच्या आत असावे.

४८ तास फार कमी आहेत. इशिकावा एवढ्या वेळात एक-दोनदाच दुप्पट होते, आणि इस्ट्रोजेनने येणारा फरक मुळात मध्यम असतो. एका दुप्पटीत तो एमटीटीच्या चुकीत बुडून जातो. सुरुवातीला वेलमध्ये पेशी कमी ठेवा, पाच-सहा दिवस चालवा, दर दोन दिवसांनी हार्मोनसकट मीडियम बदला. अस्तराच्या पेशी इस्ट्राडायॉलचे इस्ट्रोन करतात, त्याला सल्फेट जोडतात. तिसऱ्या दिवशी वेलमध्ये तुम्ही घातलेले इस्ट्राडायॉल असेलच असे धरू नका. आणि एमटीटी पेशी मोजत नाही, ती पेशींची क्षपण करण्याची, म्हणजे चयापचयातून इलेक्ट्रॉन देण्याची, ताकद मोजते. हार्मोनने पेशीचा चयापचय बदलला की जांभळा रंग बदलतो, पेशी तेवढ्याच असल्या तरी. निदान एका प्रयोगात मेलेल्या पेशी रंगवणारे ट्रायपॅन ब्लू घालून हेमोसायटोमीटरवर (पेशी मोजण्याच्या काचपट्टीवर) मोजा. वेळखाऊ काम आहे, पण डोळ्यांनी मोजलेल्या पेशींवर माझा विश्वास आहे.

इशिकावाची एक देणगी मात्र तुम्ही वापरलेलीच नाही. या पेशी १९८० मध्ये जपानमध्ये मासातो निशिदा यांनी ३९ वर्षांच्या एका स्त्रीच्या अस्तराच्या कर्करोगातून वाढवल्या. १९८६ मध्ये असे दिसले, की इस्ट्रोजेन दिल्यावर त्यांच्यात अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर खूप वाढते. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट घातले की वेल पिवळे होतात आणि प्लेट रीडरवर लगेच वाचता येतात. वाढीचा फरक दिसायला आठवडा लागतो, हे उत्तर तीन दिवसांत मिळते. आधी पिवळा रंग येतो का ते बघा. आला, तर रिसेप्टर जागा आहे, मग वाढीच्या मागे लागा. नाही आला, तर पेशी बदलण्याची भाषा तेव्हा करू.

हीलाचे उत्तर वेगळे आहे, आणि तिथे तुमच्या हातून चूक झालेली नाही. हीला १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आल्या. त्यांच्यात कामाचा इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फा जवळजवळ नाही. ज्या घराला दारच नाही तिथे टकटक करून काय होणार? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींना हलवणारी चावी म्हणजे एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा) विषाणूची ई६ आणि ई७ ही जनुके, आणि त्या जनुकांच्या आधीच्या डीएनएत ग्लुकोकॉर्टिकॉइडला (कॉर्टिसोलच्या गटातल्या हार्मोनला) उत्तर देणाऱ्या जागा आहेत. इथेच या विषयातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग येतो. १९९१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या दोन सेल लाइन (एकेका गाठीतून वाढवत आणलेल्या पेशी) घेतल्या, सी४-१ आणि एसडब्ल्यू७५६. दोन्हींत विषाणू एकच, एचपीव्ही-१८. दोन्हींना एकच औषध दिले, डेक्सामेथासोन हे ग्लुकोकॉर्टिकॉइड. सी४-१ मध्ये ई६-ई७ वाढले आणि पेशी वेगाने वाढल्या; एसडब्ल्यू७५६ मध्ये ई६-ई७ घटले आणि वाढ मंदावली. फरक कशाचा? विषाणूचा डीएनए माणसाच्या गुणसूत्रात कुठे जाऊन बसला आहे, त्याचा. हार्मोन तेच, विषाणू तोच, पण शेजार वेगळा म्हणून उत्तर उलटे. 'हार्मोनने कर्करोगाच्या पेशी वाढतात का' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मागणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रयोग सांगते.

एसकेओव्ही-३ मध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडतो, पण तरीही त्या इस्ट्रोजेनने वाढत नाहीत, हे बऱ्याच जणांनी नोंदवले आहे. पट्टा दिसला म्हणजे यंत्रणा चालू, असे नसते. शिवाय २०१३ मध्ये सेल लाइनची जनुके रुग्णांच्या गाठींशी ताडून पाहिली गेली, तेव्हा सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या एसकेओव्ही-३ आणि ए२७८० या दोघी अंडाशयाच्या नेहमीच्या, हाय-ग्रेड सिरस नावाच्या आक्रमक प्रकारच्या कर्करोगाशी फारशा जुळल्या नाहीत. इस्ट्रोजेनचा प्रतिसाद बघायचा तर एडिनबरोत वाढवलेल्या पीईओ मालिकेतल्या पेशी मिळवा. अंडाशयातल्या ग्रॅन्युलोजा पेशींच्या गाठीतून आलेल्या केजीएन पेशींत अ‍ॅरोमटेज हे विकर असते, त्या अँड्रोस्टेनडायोनपासून इस्ट्रोजेन स्वतःच बनवतात. तिथे बाहेरून हार्मोन घालणे हा अर्धाच प्रयोग. एफएसएच आणि एलएच या पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोनचे अंडाशयाच्या पेशींवरचे निकाल इतके परस्परविरोधी आहेत, की पीएच.डी.च्या या टप्प्यावर तिकडे जाऊ नका असेच मी म्हणेन.

आणि पेशी मागवायच्याच असतील, तर त्या खरोखर त्याच आहेत ना हे आधी ठरवा. बीजी-१ नावाच्या अंडाशयाच्या पेशी इस्ट्रोजेनला छान उत्तर देतात म्हणून प्रसिद्ध होत्या. रसायनांची इस्ट्रोजेनसारखी क्रिया तपासण्याच्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अधिकृत चाचणीत त्यांच्यावर बेतलेली लाइन होती. डीएनए तपासल्यावर ती निघाली स्तनाच्या कर्करोगाची एमसीएफ-७. त्या लाइनचे नावच बदलावे लागले, व्हीएम७. एमसीएफ-७ इस्ट्रोजेनला उत्तर देते यात नवल काहीच नव्हते. अस्तराच्या ईसीसी-१ लाइनचीही अशीच ओळख चुकल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. आपल्याकडे पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा पेशीसंग्रह आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेतून ओळखीने आणलेल्या फ्लास्कपेक्षा अशा संग्रहातून पेशी घ्या, एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून पेशींची ओळख) करून घ्या, मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग तपासा, आणि पॅसेज नंबर (पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये लावल्या) वहीत लिहीत जा. पॅसेज वाढत गेले की रिसेप्टर हरवतात, हे होतेच.

प्रोजेस्टेरॉनचे काय झाले ते सांगते. प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर पेशीत तयार व्हायला आधी इस्ट्रोजेन लागते. स्ट्रिप्ड मीडियममध्ये पेशी ठेवून थेट प्रोजेस्टेरॉन दिले तर बांधायला जागाच कमी. आधी दोन दिवस इस्ट्राडायॉल, मग इस्ट्राडायॉलसह प्रोजेस्टेरॉन, हा क्रम ठेवा. पाळीच्या चक्रातही तोच क्रम आहे. इशिकावाच्या काही उपशाखांत हा रिसेप्टर फारच कमी असतो, तेव्हा ब्लॉट करून घ्या. प्रोजेस्टेरॉन पेशी लवकर मोडून टाकतात, म्हणून अनेक जण मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे त्याच्यासारखे कृत्रिम औषध वापरतात. पण ते ग्लुकोकॉर्टिकॉइडच्या रिसेप्टरलाही बांधते, आणि विरोधक म्हणून वापरला जाणारा मिफेप्रिस्टोनही तसाच. दोन्ही वापरून 'हा प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचाच परिणाम' असे लिहिता येत नाही. पाळीच्या उत्तरार्धात रक्तात प्रोजेस्टेरॉन ३० ते ६० नॅनोमोलर असते. १० मायक्रोमोलर देऊन पेशी मेल्या, तर ते शरीरातल्या हार्मोनचे काम म्हणू नका.

याहून खोल कारणही आहे. शरीरात प्रोजेस्टेरॉन अस्तराच्या पेशींना जे थांबवते, त्यातले बरेच काम ते शेजारच्या स्ट्रोमा (आधार देणाऱ्या ऊतीच्या) पेशींमार्फत करते. तुमच्या प्लेटमध्ये स्ट्रोमा नाही. निरोप्याच गैरहजर आहे. २०१७ मध्ये केंब्रिज आणि लूव्हेन इथल्या गटांनी अस्तराचे ऑर्गनॉइड वाढवले. जेलीसारख्या आधारात पेशी पोकळ गोळे करून राहतात आणि दोन्ही हार्मोनना अस्तरासारखे उत्तर देतात. सोय असेल तर दुसऱ्या वर्षी तिकडे वळा. सोय नसेल तर स्ट्रोमा पेशींबरोबर को-कल्चरही बरेच काही दाखवते.

इन्सुलिनबद्दल तुम्ही विचारले नाही, पण त्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील. सिरम नको म्हणून इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियमचे मिश्रण घालण्याची पद्धत आहे. त्यात इन्सुलिन मिलिलिटरला सहसा १० मायक्रोग्रॅम पडते, म्हणजे १.७ मायक्रोमोलर. उपाशीपोटीच्या रक्तातल्या पातळीच्या हजारो पट. एवढे इन्सुलिन आयजीएफ-१ या वाढ घडवणाऱ्या हार्मोनच्या रिसेप्टरलाही बांधते आणि पेशींना जोरात ढकलते. मग इस्ट्रोजेनला ढकलायला काही उरत नाही. तुमच्या डीएमईएममध्ये ग्लुकोज लिटरला साडेचार ग्रॅम आहे. डेसिलिटरला ४५० मिलिग्रॅम. एवढी साखर रक्तात आढळली तर डॉक्टर रुग्णाला घरी जाऊ देणार नाहीत. इशिकावासाठी एमईएम हे मीडियम चालते, त्यात ग्लुकोज डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम. लठ्ठपणा आणि मधुमेह हे अस्तराच्या कर्करोगाचे मोठे साथीदार आहेत, आणि आपण सगळ्या पेशी मधुमेहात वाढवून मग इस्ट्रोजेनचा हिशेब मांडतो.

हार्मोनने कर्करोग वाढतात हे खरे का? अस्तराच्या बाबतीत होय, आणि ते प्लेटवर नाही, बायकांच्या आयुष्यात आधी दिसले. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या दोन अभ्यासांनी दाखवले, की पाळी गेल्यावर नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांना अस्तराचा कर्करोग कित्येक पटींनी जास्त होतो. त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉनसारखे औषध दिले की तो वाढीव धोका आटोक्यात येतो. त्याही आधी, १९६१ मध्ये, केली आणि बेकर यांनी पसरलेल्या अस्तराच्या कर्करोगात अशी औषधे दिली तेव्हा जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांत गाठी कमी झाल्या होत्या. तुमच्या प्लेटने हे खोटे ठरवलेले नाही. तिला अजून प्रश्न नीट विचारलाच गेला नाही.

आता मावशी. तुम्ही वाचलेले खरे आहे. टॅमॉक्सिफेन स्तनाच्या पेशीत इस्ट्रोजेनची वाट अडवते, आणि अस्तराच्या पेशीत काही अंशी इस्ट्रोजेनसारखेच वागते. २००२ मध्ये यामागचे एक कारण कळले : अस्तराच्या पेशींत एसआरसी-१ हे साहाय्यक प्रथिन भरपूर असते, आणि टॅमॉक्सिफेन बांधलेला रिसेप्टर त्याला हाताशी धरून जनुके चालू करतो. गोळी घेणाऱ्या, पाळी थांबलेल्या बायकांत अस्तराच्या कर्करोगाचा धोका साधारण दोन-तीन पट होतो. पण मुळात तो धोका लहान असतो, आणि स्तनाचा कर्करोग उलटू नये म्हणून या गोळीचा फायदा त्याहून बराच मोठा आहे. प्लेटवरचा निकाल वाचून गोळी बंद करू नका. काही शंका असेल तर त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टशी बोला. काही जणींना दुसऱ्या गटातले औषध देता येते. तक्रार नसताना दरवर्षी सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजत राहण्याचा उपयोग दिसलेला नाही, कारण टॅमॉक्सिफेनने अस्तर कर्करोग नसतानाही जाड दिसते आणि विनाकारण तपासण्यांचे चक्र सुरू होते. मावशींना एकच गोष्ट नीट समजावून सांगा : पाळी थांबलेली असताना कपड्यावर रक्ताचा डाग दिसला, अगदी फिकट गुलाबी असला, एकदाच दिसला, तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचे आणि टॅमॉक्सिफेन चालू आहे हे आधी सांगायचे.